झुंबर कुणासाठी, उजेड कुणासाठी?

घर बांधताना स्वयंपाकघरातला दिवा कुठे लावायचा हे आर्किटेक्ट ठरवतो, वायरमन ठरवतो, पैसे देणारा ठरवतो. जिला तिथे रोज चार-पाच तास उभं राहायचं असतं तिला शेवटी बटण कुठे आहे तेवढं सांगतात. माझं मत अगदी सरळ आहे. उजेड आधी हातावर पडला पाहिजे, छपराची शोभा नंतर. पटलं तर बघा, नाही पटलं तर भांडा :)

विषय निघाला तो मामांच्या नव्या घरामुळे. अंबाजोगाईजवळ शेतात बांधतायत. उतरतं उंच छप्पर, मधोमध १४ फूट. खाली ऐसपैस स्वयंपाकघर आणि त्याच्या मध्यावर सहा बाय तीनचा सुटा ओटा, ज्याला हल्ली सगळे 'आयलंड' म्हणतात. आता खरं म्हणजे उंच उतरतं छप्पर ही आपल्याकडची चाल नव्हे, ती कोकणातली. बीडकडे पाऊस बेताचाच, म्हणून माळवदाची सपाट घरं. पण पोरांनी मोबाईलवर फोटो दाखवले, मामांना आवडले, झालं. माझी त्याला काहीच हरकत नाही. उन्हाळ्यात गरम हवा वर जायला जागा मिळते, हा फायदाच आहे.

हरकत आहे ती झुंबराला. नकाशात छपराच्या टोकाला एकच झुंबर आहे. मामांचं म्हणणं, "आरं येवढं घर बांधायलो, मग झुंबर नको का? रस्त्यावरून दिसलं पाहिजे." मामी ६२ वर्षांच्या, एका डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय. त्यांना मी विचारलं तर म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं? आता तर डाळीतला खडा दातालाच कळतो."

या वाक्यावर हसून पुढे जाता येत नाही. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. मोतीबिंदू असेल तर त्याहून कमी. म्हणजे ज्या उजेडात मला पपईची बी दिसते, त्या उजेडात मामींना विळीचं पातं नीट दिसत नाही.

आता थोडं गणित. (इंजिनियर असल्याचा एवढा तरी फायदा घेऊ द्या.) उघड्या बल्बचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. छपराच्या टोकापासून ओट्याचं अंतर साधारण ११ फूट. तोच बल्ब ओट्याच्या वर ३ फुटांवर टांगला तर खाली जवळपास तेरा पट उजेड पडतो. तोच बल्ब, तेच बिल! चिरण्या-निवडण्याच्या कामाला ५०० लक्स उजेड धरला तर या ओट्यासाठी, इकडेतिकडे वाया जाणारा धरूनही, १७०० ल्युमेनच्या आसपास लागतात. ९ वॉटचा एक एलईडी बल्ब ८००-९०० ल्युमेन देतो. म्हणजे काम दोन साध्या बल्बांचं आहे. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना आली, त्यानंतर हे बल्ब गावोगावी पोहोचले. तेव्हा पैशाची सबब चालणार नाही.

दुसरी गोष्ट सावलीची. तुमच्या घरातली ट्यूब कुठे आहे ते आज रात्री बघा. बहुतेक दाराच्या वर, म्हणजे भिंतीकडच्या ओट्याशी उभं राहिलं की बरोबर पाठीमागे. मग आपलीच सावली पोळपाटावर पडते आणि त्या सावलीत आपण मिरची चिरतो. या ओट्याला कपाटाच्या खाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावली की प्रश्न मिटतो. मधल्या ओट्यासाठी मात्र वरून टांगलेले दिवेच हवेत.

ते असे टांगा. दोन दिवे, प्रत्येक टोकापासून दीड फुटावर एकेक. दिव्याची खालची कड ओट्यापासून अडीच ते तीन फूट वर, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेपाच फूट. टोपण खोल आणि अपारदर्शक घ्या, नाहीतर बल्ब थेट डोळ्यात जाईल, आणि मोतीबिंदूवाल्याला त्याचा जास्त त्रास. छप्पर उतरतं असल्यामुळे दिवा वायरवर किंवा फिरत्या सांध्याच्या दांडीवर घ्यावा, तरच तो सरळ लोंबतो. पत्र्याचं छप्पर असेल तर आधार खालच्या लोखंडी अँगलला द्या, पत्र्याला भोक पाडू नका. पहिल्याच पावसात गळती लागेल.

पंख्याचं विसरू नका. दिवा पंख्याच्या वर असला की पात्यांची सावली ओट्यावर नाचत राहते आणि दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं. झुंबराचं तेच होणार. शिवाय पावसाळ्यात दिव्यावर पाखरं येतात, ती भाजीत पडायला नकोत. पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनच्या दिव्यावर ती पांढऱ्या झगझगीत दिव्यापेक्षा कमी येतात. खोक्यावर 'सीआरआय' ९० लिहिलेला बल्ब मिळाला तर उत्तम, त्यात हिरवी मेथी आणि पिवळं पडलेलं पान वेगळं ओळखू येतं. आणि फोडणीचा तेलकट थर? साडेपाच फुटांवरचा दिवा उभ्याउभ्या फडक्याने पुसता येतो. १४ फुटांवरचं झुंबर पुसायला घोडा आणि माणूस लागतो, म्हणजे ते दिवाळीला एकदा पुसलं जाणार.

विजेचं तर विचारूच नका. परळीचं औष्णिक वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात, १९७१ पासूनचं. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवावं लागलं. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण बीडकरांनी भारनियमनाच्या काळात अक्षरशः जगून पाहिली आहे. तेव्हा ओट्यावरचे दोन दिवे इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, स्वतंत्र बटणावर. सगळं एकाच झुंबरावर ठेवणं म्हणजे आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर.

झुंबर वाईटच असतं असं नाही. फक्त खालचे दिवे लावले तर वरची पोकळी विहिरीसारखी काळी दिसते, हे खरं आहे. त्यासाठी भिंतीवरून वर तोंड केलेली एक पट्टी लावावी आणि छताला आतून पांढरा रंग द्यावा. पाहुणे आल्यावर झुंबरही लावा की! पण ते तिसऱ्या बटणावर.

आपल्या जुन्या लोकांना हा फरक नीट कळत होता. देवळापुढची दीपमाळ लांबून दिसावी म्हणून असते, पोथी वाचायला समई जवळ घेतात. चुलीशेजारच्या भिंतीत दिवळी असायची ती बसलेल्या बाईच्या हाताशी. आजही जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास लाखो लोक ऊसतोडीला जातात. तिथे कोपीपुढे भल्या पहाटे अंधारात भाकरी थापणारी बाई मोबाईलची बॅटरी लावते ती परातीशेजारी, आभाळाकडे नाही. यात गरिबीचं कौतुक काही नाही, ते हालच आहेत. पण उजेड कुठे हवा हे काम करणाऱ्याला विचारावं लागतं, एवढं त्यावरून कळायला हरकत नाही.

मामांच्या घराचं प्लास्टर अजून व्हायचंय, म्हणजे पाईप हलवायला वेळ आहे. मी त्यांना एकच सुचवलंय. एका संध्याकाळी लांब वायरला होल्डर आणि ९ वॉटचा बल्ब लावा, टोपण म्हणून पत्र्याचा डबा चालेल. खाली टेबलावर ताटात तुरीची डाळ घेऊन मामींना निवडायला बसवा. बल्ब आधी पार वर धरा, मग हळूहळू खाली आणा. त्या "बास" म्हणतील तिथे भिंतीवर खडूने खूण करा. आणि त्या वेळी तुम्ही काही बोलू नका.