चक्का, गवंडी आणि शांतिनगर

योझेफ वाइसनबेर्ग मूळचा सिलेशियातला गवंडी. बर्लिनला आला आणि १९०३ च्या सुमारास थापी सोडून, अंगावर हात ठेवून रोग्यांवर उपचार करू लागला. आपल्या चक्क्यासारखं पांढरं चीज तो दुखऱ्या जागी बांधायला सांगे. वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं, कोर्टकचेऱ्याही झाल्या. भक्त मात्र वाढतच गेले. १९२६ मध्ये त्यानं इव्हँजेलिकल चर्चशी काडीमोड घेऊन स्वतंत्र योहानी चर्च काढलं. मला चीजपेक्षा मोठं वाटतं ते त्याचं बांधकाम. बर्लिनच्या दक्षिणेला, ट्रेबिनजवळ, १९२० पासून अनुयायांनी स्वतः राबून ‘फ्रीडन्सश्टाट’ म्हणजे शांतिनगर उभारलं: घरं, शाळा, वृद्धाश्रम. माणूस शेवटी गवंडीच! १९३५ मध्ये नाझींनी चर्चवर बंदी घातली, वाइसनबेर्गला तुरुंगात टाकलं. १९४१ मध्ये तो वारला. शांतिनगरात आधी नाझींची एसएस घुसली, मग सोव्हिएत फौज. ती हलली १९९४ मध्ये. एवढ्या उलथापालथीत चर्चची गादी मात्र घरातच राहिली. आधी मुलगी फ्रीडा म्युलर, २००१ नंतर नात योझेफिन. आपल्याकडच्या किती मठांनी गादी अशी बिनबोभाट लेकीबाळींकडे दिली असती?