अन्नकचऱ्याचे खत : विरजण स्वस्त, वर्गीकरण महाग

जयपूर : आशिया-प्रशांत देशांच्या चक्रीय अर्थव्यवस्था परिषदेत मार्च २०२५ मध्ये 'जयपूर जाहीरनामा' स्वीकारण्यात आला. कचऱ्याकडे संसाधन म्हणून पाहण्याच्या या भूमिकेची कसोटी यजमान शहराच्या स्वयंपाकघरांपासूनच सुरू होते. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतीय घरांत दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते. २०११ च्या जनगणनेतील जयपूरच्या ३० लाख लोकसंख्येला ही सरासरी लावल्यास दिवसाला सुमारे ४५० टन अन्नकचरा होतो. हॉटेले आणि विवाहभोजने त्यात धरलेली नाहीत.

हा कचरा लवकर कुजावा म्हणून जीवाणूंचे विरजण वापरले जाते. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने विकसित केलेल्या 'वेस्ट डीकंपोजर'ची बाटली अवघ्या २० रुपयांना उपलब्ध झाली होती. वास्तविक कुजवणारे जीवाणू कचऱ्यात मुळातच असतात. शिळे अन्न मात्र आधी आंबते. त्यातील आम्लांमुळे उष्णताप्रिय जीवाणूंची वाढ अडखळते आणि ढीग तापत नाही. तो ५५ अंशांपुढे काही दिवस राहिल्याशिवाय रोगजंतूंचा नाश होत नाही. आम्ल सोसणारे आणि पिष्ट व स्निग्धांश फोडणारे जीवाणू बाहेरून मिसळल्यास हा विलंब कमी होऊ शकतो. तुपात बुडवलेल्या दालबाटीच्या शहरात स्निग्धांशाचा प्रश्न गौण नव्हे.

तथापि जीवाणूंना ५० ते ६० टक्के ओलावा आणि खेळती हवा लागते. जयपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ढिगाचा पृष्ठभाग झपाट्याने सुकतो, तर आतला भात-भाज्यांचा चिकट लगदा हवा कोंडून मिथेन सोडतो. वाळलेला पाला किंवा लाकडाचा भुसा मिसळणे आणि ढीग पालटणे, हे जुने उपाय विरजणाने टळत नाहीत. चोवीस तासांत खत देण्याचा यंत्रविक्रेत्यांचा दावाही तपासून घ्यावा लागेल. तापवून सुकवलेले अन्न पाणी लागताच पुन्हा कुजू लागते. खत परिपक्व होण्यास आठवडे लागतात.

त्याहून मोठा अडथळा मिश्र कचऱ्याचा आहे. जीवाणू काच कुजवत नाहीत, की बॅटरीतले शिसे नष्ट करत नाहीत. दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या आस्थापनांवर २०१६ च्या नियमांनी वर्गीकरणाची जबाबदारी टाकली. त्याच वर्षी केंद्राने शहरी कंपोस्टसाठी टनामागे १,५०० रुपयांचे साहाय्यही जाहीर केले. पण काचेचे तुकडे असलेले खत अनुदानित असले, तरी शेतकरी ते शेतात पसरू देत नाही.