वाडीवरील अळंबी : ओळख आधी, टोपली नंतर

कोकणातील वाडीवर राहणाऱ्या शेतकऱ्यास पावसाळा ज्या वस्तू न पेरता देतो, त्यांत रानअळंबीचे स्थान वेगळे आहे. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे या रानभाज्या ठरल्या जागी व ठरल्या वेळी हाती लागतात. अळंबीचे तसे नाही. आषाढ-श्रावणात पावसाची चांगली झड होऊन थोडी उघडीप मिळाली की एखाद्या सकाळी ती वारुळाच्या कडेला उगवलेली दिसते आणि दोन-तीन दिवसांत कुजून नाहीशी होते. गोव्यात व दक्षिण कोकणात हिला अळमी म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे सात्या म्हणतात. नावे निराळी असली तरी पहिली टोपली घरी आल्यावर होणारा आनंद सर्वत्र सारखाच असतो.

या अळंबीविषयी विस्तारकार्यात दोन टोकांची मते ऐकू येतात. रानअळंबी धोक्याची आहे, सबब ती खाऊच नये, असा सरसकट निषेध करावा, हे एक मत. बाजारात तिला मोठा भाव आहे, तेव्हा दिसेल तेवढी तोडून विकावी, हे दुसरे. माझ्या मते दोन्ही अपुरी आहेत. निषेधाने अळंबी खाणे थांबत नाही. मात्र ती ओळखण्याचे ज्ञान चोरून वापरले जाते व हळूहळू लोपते. बेसुमार तोडणीने पुढील वर्षांचे बी नाहीसे होते. ओळख, संयम आणि वारुळाचे रक्षण या तीन गोष्टी शिकविणे हेच आपले काम होय.

वारूळ व अळंबी यांचे नाते

आपल्याकडील मोठी व चवदार अळंबी बहुतांशी टर्मिटोमायसिस या गटातील आहे. रॉजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये या गटास हे नाव दिले. उधई वाळलेले लाकूड, पाला व गवत खाते आणि त्यापासून वारुळाच्या पोटात स्पंजासारखी पोळी रचते. या पोळ्यांवर अळंबीची बुरशी वाढते. लाकडातील जो कठीण भाग उधईस पचत नाही, तो ही बुरशी मऊ करते; उधई बुरशीचे पांढरे कण व जुनी पोळी खाऊन राहते. म्हणजे उधई ही एका अर्थी बुरशीची शेतीच करते. पावसाळ्यात ही बुरशी मुळासारखा लांब दांडा जमिनीतून वर पाठविते व भूपृष्ठावर छत्र उघडते. अळंबी उपटताना दांडा खोल खोल जात असल्याचे जे दिसते, त्याचे कारण हे आहे.

छत्र पूर्ण उघडले की त्यातून असंख्य बीजाणू बाहेर पडतात. बहुतेक जातींत नव्या वारुळातील उधई हे बीजाणू बाहेरून गोळा करून आणते व आपले पोळे सुरू करते. ज्या गावात प्रत्येक कळी उघडण्यापूर्वीच खुडली जाते, तेथे नव्या वारुळांस बी कोठून मिळणार? बाजारात न उघडलेल्या कळीस अधिक मागणी असते, म्हणून हा प्रश्न गंभीर आहे. यास्तव प्रत्येक ठिकाणची निदान चौथा हिस्सा अळंबी उघडण्यासाठी राखून ठेवावी, असे मी सुचवितो. हा आकडा प्रयोगातून निघालेला नाही; गावाने आपसांत पाळावा असा हा साधा नियम आहे. धिंगरीप्रमाणे भाताच्या पेंढ्यावर या अळंबीची लागवड करण्याची व्यवहार्य पद्धत अद्याप शेतकऱ्याच्या हाती आलेली नाही. तेव्हा वारूळ हेच तिचे शेत आणि उधई हीच तिची शेतकरीण.

वारूळ मोडावे की राखावे ?

येथे आपल्याच सल्ल्याचा फेरविचार करणे प्राप्त आहे. ऊस, भुईमूग व नवी कलमे यांना उधई उपद्रव देते, म्हणून वारूळ खणून राणी नष्ट करावी व कीटकनाशक ओतावे, असे आपण सांगत आलो आहोत. पिकात किंवा कलमांच्या बागेत नुकसान दिसत असेल, तर हा सल्ला योग्यच आहे. परंतु पडीक वरकस जमिनीत, बांधाच्या टोकाला, जुन्या झाडांच्या सावलीत अथवा देवराईत जी वारुळे कोणाचेही नुकसान करीत नाहीत, त्यांवरही कुदळ चालविण्याचे प्रयोजन काय? तेथील उधई पालापाचोळा मातीत मिसळविते, जमीन पोकळ ठेवते आणि वर्षातून एकदा घरास भाजी देते. नुकसान पाहावे आणि मग वारुळाचा निर्णय करावा. ज्या वारुळात औषध ओतले असेल, त्यावरची अळंबी मात्र खाऊ नये. पुढे वारूळ कोणी राखले किंवा जमीन दुसऱ्याने कसावयास घेतली, तरी ही माहिती त्याला आवर्जून सांगावी.

विषाचा प्रश्न

आता निषेध करणाऱ्यांचे म्हणणे पाहू. त्यांची भीती खोटी नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात, मुख्यतः चहाच्या मळ्यांच्या भागात, रानअळंबी खाऊन १३ जण दगावले. त्यांत एक लहान मूलही होते. अमानिटा गटातील काही जातींचे विष शिजवून, उकळून वा वाळवून जात नाही. ते खाल्ल्यावर साधारणतः ६ ते २४ तास काहीच जाणवत नाही. नंतर ओकाऱ्या व जुलाब होतात, मध्ये काही काळ बरे वाटते आणि मग यकृत निकामी होऊ लागते. मधल्या उतारास फसून घरी राहणे, हाच सर्वांत मोठा घात होय.

आपल्याकडे पावसाळ्यात गवताळ जागी, अंगणात व शेणखताच्या आसपास पांढऱ्या छत्रावर तपकिरी खवले असलेली एक मोठी अळंबी उगवते. तिच्या छत्राखालचे पापुद्रे प्रथम पांढरे असतात व जून झाल्यावर हिरवट होतात. ही क्लोरोफायलम जात होय. ती खाल्ल्यास काही तासांतच जोराच्या ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. वारुळावरच्या चांगल्या अळंबीशी हिची गल्लत होऊ शकते.

चांदीचे नाणे काळे पडले नाही, शिजताना घातलेल्या तांदळाचा रंग पालटला नाही, गोगलगायीने खाल्लेली आहे, यांपैकी एकाही परीक्षेस आधार नाही. गोगलगाय विषारी अळंबीही खाते. छत्र रात्रभर पांढऱ्या कागदावर उपडे ठेवून बीजाणूंचा रंग पाहणे हे उपयुक्त आहे. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर, क्लोरोफायलमचा हिरवट व अमानिटाचा पांढरा उमटतो. तथापि ही परीक्षा अळंबी नाकारण्यासाठी आहे, स्वीकारण्यासाठी नव्हे. हिरवट किंवा पांढरा ठसा आल्यास टाकून द्यावी. गुलाबीसर आला म्हणून खाण्यास योग्य ठरत नाही. दांड्याच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण व वर कडे असेल, तर त्या अळंबीपासून दूरच राहावे. म्हणूनच ती माती उकरून बुडापासून पाहावी.

ओळख कोणाकडून घ्यावी ?

पुस्तकातील चित्रावरून कोणीही अळंबी खाण्याचे धाडस करू नये. भ्रमणध्वनीवर आलेल्या छायाचित्रावरून तर मुळीच करू नये. ज्या आजीने त्याच डोंगराची तीच अळंबी चाळीस पावसाळे आणली आहे, तिचे ज्ञान अधिक भरवशाचे. पण तेही त्या गावापुरते व त्या जातींपुरतेच असते. दुसऱ्या प्रांतात कामास गेलेल्या माणसाने तेथील अळंबी आपल्या गावच्या ओळखीवर खाऊ नये. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी या जाणत्या स्त्रियांना, कातकरी व इतर आदिवासी बांधवांना शाळेत सन्मानाने बोलवावे आणि मुलांना त्यांच्याबरोबर वाडीवर न्यावे. एका पावसाळ्यात मुलांनी एकच जात पक्की ओळखली तरी पुरेसे आहे.

घरी आणलेली अळंबी त्याच दिवशी, चांगली शिजवून खावी. कच्ची खाऊ नये. एका वेळी एकच जात शिजवावी व एक अळंबी न शिजविता बाजूला ठेवावी, म्हणजे प्रसंग आल्यास डॉक्टरांना दाखविता येईल. त्रास जाणवताच, कितीही बरे वाटले तरी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. राखीव वन व अभयारण्य यांत वनखात्याचे नियम पाळावेत.

टोपलीपलीकडचा लाभ

अळंबीत सुमारे ९० टक्के पाणीच असते. तिच्यावर संसार चालत नाही. मग तिच्यासाठी एवढा खटाटोप का, असे कोणी विचारील. अळंबी शोधणाऱ्यास हळू चालावे लागते व खाली पाहावे लागते. असा फिरणारा शेतकरी बांध कोठे खचला, चर कोठे तुंबला, कोणत्या कलमास पोखर लागली हे आपोआप पाहतो. नवरंग पक्ष्याची शीळ त्याच्या कानी पडते, कोणत्या झाडाखाली ओल टिकते ते त्याला कळते. आपण शेतकऱ्यास खत, बियाणे व कर्ज यांविषयी नेहमी सांगतो. आपल्या जमिनीवर उगीच एक फेरी मारावी, हे क्वचितच सांगतो. ज्यास आपली वाडी पाहण्यात गोडी वाटते, तो ती विकण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. पडीक भागही त्याला रिकामा वाटत नाही.

या पावसाळ्यात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील अळंबीच्या वारुळांची वाडीवार नोंद ठेवावी. कोणते वारूळ पिकास बाधक आहे, कोणते राखावयाचे आहे आणि कोणत्यात औषध पडले आहे, एवढे तीन रकाने पुरेत. ही वही चावडीवर ठेवावी व दरवर्षी मृगापूर्वी जाणत्या मंडळींसमोर वाचून दुरुस्त करावी.