मजल मोजावी चढाने

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सायकलवाल्यांचे बेत रंगू लागतात आणि बहुतेक बेतांची सुरुवात भागाकाराने होते. उदाहरणार्थ, कसाऱ्याहून घाट चढून इगतपुरी, घोटी, बारी, भंडारदरा, मग राजूर, कोतूळ, ब्राह्मणवाडा करत ओतूर आणि शेवटी माळशेज उतरून कल्याण. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड या दोन्ही डोंगरांना बगल देणारी ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. तीन दिवसांनी भागलं की रोजचे ऐंशी-पंच्याऐंशी. पुण्याहून लोणावळ्याला जाऊन परतणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटतो, म्हणून त्यातच ‘जाता जाता कळसूबाई’ही कोंबली जाते. हा हिशेब मुळात चुकीच्या मापाने केलेला आहे. डोंगराच्या कडेने सायकल न्यायची तर दिवस अंतरावर नव्हे, चढावर बेतायला हवा. आपल्या जुन्या वाटसरूंना हे कळत होतं. ‘मजल’ म्हणजे अमुक इतके कोस नव्हेत, एका दिवसात होईल तेवढी चाल. मैदानातली मजल लांब, घाटातली आखूड. आपण शब्द ठेवला आणि त्यातलं शहाणपण मात्र सोडलं.

चढाचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राइतकाच आहे. स्वार, सायकल आणि कॅरियरवरचं सामान मिळून 100 किलो धरू. हे वजन 100 मीटर वर न्यायला सुमारे 98 हजार ज्यूल ऊर्जा लागते. साधारण सराव असलेला माणूस तासन्‌तास 100 वॅटच्या आसपासच जोर लावू शकतो, म्हणजे त्या 100 मीटरला सोळा मिनिटं गेली. तेवढ्याच जोरात सपाट रस्त्यावर सोळा मिनिटांत पाचेक किलोमीटर कापले जातात. तेव्हा दर 100 मीटर चढामागे अंतरात 5 किलोमीटर मिळवायचे. साठ किलोमीटरच्या रस्त्यात 1200 मीटर चढ असेल तर पायांच्या लेखी तो एकशेवीसचा रस्ता झाला. यावर ‘चढ आला तर उतारही येतोच की’ असं म्हटलं जातं. येतो, पण तो वसुली पुरी करत नाही. दहा किलोमीटर ताशी 8 च्या वेगाने चढून तेच दहा ताशी 40 ने उतरलं, तर सरासरी 24 पडत नाही, तेराच्या थोडी वर पडते. उतारावर मिळवलेलं बरंचसं वारा खातो, उरलेलं ब्रेक. शिवाय डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि बिनदिव्यांच्या वळणावळणाच्या रस्त्यावर चढाने केलेला उशीर नुसता उशीर राहत नाही.

ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला पुरा करण्याच्या सायकलफेऱ्या, करणारी मंडळी याला हसतील. त्यांना 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, 600 साठी 40, आणि हजारो लोक ते वेळेत पुरं करतात. त्यांची तयारी खरीच, पण तो पुरावा दुसऱ्या खटल्यातला आहे. ब्रेव्हेत पाठीशी तंबू-कपड्यांचं ओझं नसतं, वाट आधी आखलेली असते आणि संपल्यावर घरी जाऊन झोपता येतं. इथे दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं असतं. त्यात 1646 मीटरच्या कळसूबाईला बारीतून चढायचं म्हणजे आठशेच्या आसपास मीटरची उभी चढण, शिड्यांसकट. आणि सायकलीने थकलेल्या मांड्या खरा इंगा दाखवतात त्या उतरताना. शिखर करायचंच असेल तर तो दिवस पूर्ण शिखराला द्यावा; सायकल गावात, ओळखीच्या नाहीतर खानावळीच्या ओसरीवर उभी राहू द्यावी.

दुसरा आक्षेप जास्त उत्साही आहे: जाड टायरची सायकल असताना पायथ्याशी थांबायचंच का, पायवाटेनेच का जाऊ नये? अमेरिकेत याचं उत्तर पूर्वीच दिलं गेलं आहे. सुमारे 3500 किलोमीटरच्या अ‍ॅपलेशियन ट्रेल या डोंगरी पायवाटेवर, इतर वाटांशी सामायिक असलेले थोडे तुकडे सोडले, तर सायकलला बंदी आहे. सायकलस्वार त्याच डोंगररांगेतल्या ब्लू रिज पार्कवेने जातात. 755 किलोमीटरचा हा रस्ता सुमारे 200 मीटरपासून 1800 मीटरच्या वर जातो, आणि तिथले मोठे चढ कुठल्या मैलापासून कुठल्या मैलापर्यंत आहेत, हे सायकलस्वारांना आधीच सांगितलेलं असतं. आपल्याकडे घाटाच्या तोंडाशी ‘सावकाश जा’ची पाटी दिसते, घाट किती उंच हे कळत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा परिसर 1986 पासून अभयारण्य आहे. पावसाने आधीच खणलेल्या तिथल्या वाटांवर चाकांच्या चाकोऱ्या पडल्या की पुढच्या पावसाचं पाणी त्यातूनच धावणार. पायवाट पायांनाच राहू द्यावी.

‘इतकं मोजायचं तर भटकंतीची मजा काय?’ हा आक्षेप मला सर्वांत कमी पटतो. ज्याचा दिवस चढावर बेतलेला असतो त्याच्याच हाती दुपारी दोन तास उरतात; किलोमीटरवाला राजूरच्या चहाच्या टपरीवरही घड्याळच पाहत असतो. हंगामाची निवडही याच मापात बसते. पावसाळ्यात माळशेजला दरडी कोसळतात आणि धबधब्यांपायी गाड्यांच्या रांगा लागतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी भंडारदऱ्याच्या रस्त्यांवर शनिवार-रविवारी रात्रभर वाहनं असतात. हेडलाइटांच्या त्या झोतात काजवे काय दिसतात, देव जाणे.

दिशासुद्धा चढच ठरवतो. वर सांगितलेली वाट कसाऱ्याहून सुरू करण्यात अर्थ आहे, कारण मोठा घाट पहिल्याच सकाळी, ताज्या पायांनी आणि ऊन तापायच्या आत उरकतो. पहिला मुक्काम साठेक किलोमीटरवर भंडारदऱ्याला, दुसरा दिवस कळसूबाईचा, तिसऱ्या दिवशी राजूर-कोतूळच्या चढउतारांतून ओतूर. चौथ्या दिवशी माळशेज उतरायचा. ब्रेकचे गुटके मात्र ओतूरलाच तपासावेत. रिमवर ब्रेक लागणाऱ्या जुन्या सायकलींचं चाक लांब उतारावर चांगलंच तापतं. घाट संपल्यावर टोकावडे, मुरबाड, कल्याण हा जवळजवळ सपाट रस्ता उरतो आणि तिथे मात्र किलोमीटर खुशाल मोजावेत.