जाळी बांधली, आता गप बसा

नव्या पनवेलात आमच्या सेक्टरातला एक पोरगा मागच्या वर्षी जीव द्यायला निघाला होता. वाचला. नाव सांगणार नाही, त्याला अजून इथंच राहायचंय. बाप नाक्यावर उभा राहणारा बिगारी, आई दोन सोसायट्यांत धुणीभांडी करते. पोरगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. शिष्यवृत्ती अडकली म्हणून फी अडकली, फी अडकली म्हणून कॉलेजनं हॉलतिकीट अडकवलं. रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेला तर काउंटरवरचा पहिला सवाल, पोलीस केस आहे का? दुसरा, डिपॉझिट कोण भरणार? पोराचं नाव तिसऱ्या नंबरला विचारलं. आडनाव सांगितलं तेव्हा बाईनं पहिल्यांदा मान वर करून आमच्याकडं बघितलं.

आता सरकार नावाच्या चीजेकडं या.

धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील. ऐंशी ओलांडलेला शेतकरी. वीजप्रकल्पात गेलेल्या जमिनीचा रास्त मोबदला मागत कचेऱ्या झिजवल्या, आणि 22 जानेवारी 2018 ला मंत्रालयातच टोकाचं पाऊल उचललं. 28 जानेवारीला म्हातारा गेला. फेब्रुवारीत मंत्रालयातच आणखी एक जीव गेला. मग सरकार जागं झालं. काय केलं? मंत्रालयाच्या मधल्या चौकात जाळी बांधली. या राज्यात आत्महत्या रोखायचं धोरण डोळ्यांनी दिसतं ते एवढंच. 4 ऑक्टोबर 2024 ला खुद्द विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आदिवासींच्या आरक्षणासाठी त्याच जाळीवर उतरले. उपाध्यक्षालाच दाद मागायला जाळीत जावं लागतंय, तिथं आमच्या बिगाऱ्याच्या पोरानं कुठं जावं?

जाळीला मी शिव्या देत नाही. जाळीनं माणूस वाचतो. श्रीलंकेनं सगळ्यात जहरी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बाजारातून काढून टाकली. 1995 पासूनच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर जवळपास 70 टक्क्यांनी खाली आला. तिथल्या शेतकऱ्याला कुणी मन खंबीर करायचं प्रवचन दिलं नव्हतं. कायदा केला आणि पाळला. म्हणजे सरकारनं मनात आणलं तर येतं. आपलं सरकार मात्र जाळी स्वतःच्या चौकात बांधतं आणि गावातलं, वस्तीतलं मरण मोजत बसतं.

मोजणीही बघा. 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यात महाराष्ट्र पहिला, 22,746. मरणाऱ्यांत चौथ्या हिश्श्याहून जास्त रोजंदार. सरकारी अहवालात वयाचे तक्ते, शिक्षणाचे, धंद्याचे, लग्न झालं की नाही त्याचे. जातीचा तक्ता नाही! दाखला काढताना जात लागते, भाड्यानं खोली मागताना जात लागते, मेल्यावर मात्र आम्ही एकदम भारतीय.

हैदराबादचा रोहित वेमुला, जानेवारी 2016. मुंबईची डॉ. पायल तडवी, मे 2019. पवईच्या आयआयटीतला दर्शन सोळंकी, फेब्रुवारी 2023. दर्शनच्या बाबतीत संस्थेच्या समितीनं अभ्यासातल्या पिछाडीकडं बोट दाखवलं. म्हणजे मेलेला पोरगा पुन्हा नापास. रोहितची आई आणि पायलची आई, दोघींना जातिभेद रोखायचे नियम नीट पाळा एवढं सांगायला 2019 साली सुप्रीम कोर्टात जावं लागलं.

आणि आपण? आपण बॅनर लावतो, मेणबत्त्या लावतो. गेलेल्याला शहीद करतो. साला, शहीद नकोत आता. जिवंत पोरं पाहिजेत, कटकट करणारी, नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसणारी.

काही मित्र म्हणतात, डिप्रेशन-बिप्रेशन हे बामणी चोचले, आपल्याला क्रांती पाहिजे. चूक. औषध लागतं तिथं औषधच लागतं, घोषणेनं झोप येत नाही. प्रश्न औषध कुठं मिळतं हा आहे. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. पनवेलच्या बिगाऱ्यानं रोज बुडवून, गाडी पकडून ठाणं गाठायचं. विमानतळ आमच्या उशाला आला, मनाचा सरकारी डॉक्टर वस्तीच्या दवाखान्यात आठवड्यातनं एकदा बसवणं मात्र यांना परवडत नाही.

कागद भरपूर आहेत. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा घ्या. कलम 29 सांगतं, आत्महत्या कमी करायचे कार्यक्रम आखणं आणि राबवणं ही सरकारची जबाबदारी. कलम 115 सांगतं, जीव द्यायला निघालेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरा, त्याला खटल्यात ओढू नका, उपचार आणि पुनर्वसन सरकारनं करावं. नोव्हेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय धोरण आलं, 2030 पर्यंत आत्महत्या 10 टक्क्यांनी कमी करणार म्हणे. त्याआधी ऑक्टोबरात टेलि-मानस फोन सुरू झाला. आणि पैसे? या फोनच्या कार्यक्रमाला 2023-24 च्या अर्थसंकल्पात 134 कोटींच्या आसपास, 2025-26 ला 80 कोटींच्या आसपास. उद्दिष्ट वर, पैसा खाली.

कायद्याची गंमत तर पुढंच आहे. मारुती श्रीपती दुबळ नावाचा मुंबईचा पोलीस शिपाई. अपघातानंतर डोकं ठिकाणावर नव्हतं. बायकोला भाजीच्या दुकानाचा परवाना मिळावा म्हणून महापालिकेत खेटे घातले आणि 1985 साली आयुक्तांच्या दालनाबाहेर जीव द्यायला निघाला. लावलं 309. मुंबई हायकोर्टात न्या. पी. बी. सावंतांच्या खंडपीठानं 1986 साली ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. पुढं 1996 ला सुप्रीम कोर्टानं कलम वैध धरलं, ते सोडा. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता आली, 309 गेलं. टाळ्या वाजल्या. पण मागच्या दारानं 226 आलं: सरकारी नोकराला त्याचं काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर समाजसेवा.

नीट वाचा. घरात कुढत मरायला निघालात तर तुम्ही पेशंट. साहेबाच्या दारात निघालात तर गुन्हेगार. दुबळ आज असता तर आत असता. उद्या आमचा पोरगा समाजकल्याणच्या कचेरीपुढं शिष्यवृत्तीसाठी आमरण उपोषणाला बसला, तर साहेब हेच कलम काढून दाखवणार नाही कशावरून?

बाबासाहेबांना 1917 ला बडोद्यात पारशी खानावळीतनं हाकललं. मुंबईच्या गाडीची वाट बघत ते तिथल्या बागेत एकटे बसले. त्या संध्याकाळी त्यांना समुपदेशक नको होता, खोली पाहिजे होती. आमच्या पोराला आधी हॉलतिकीट पाहिजे होतं. शिष्यवृत्ती वेळेवर देणं हेही आरोग्य खात्याचं काम आहे हे यांच्या डोक्यात कधी शिरणार?

तोवर टेलि-मानसचा नंबर पाठ करा. 14416. फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीत बोलतात. डोक्यात अंधार झाला तर लावा, लाजू नका. दोस्त गप्प गप्प दिसला तर सरळ विचारा, मरायचं मनात येतंय का. विचारल्यानं कुणी मरत नाही. रात्रभर त्याच्याजवळ बसा आणि सकाळी डॉक्टरकडं घेऊन जा.

आमचा पोरगा आता बरा आहे. कॉलेजात जातो, संध्याकाळी स्टेशनबाहेर मोबाईलच्या दुकानात काम करतो. शिष्यवृत्तीचा अर्ज पोर्टलवर 'प्रलंबित' दाखवतो.