खुर्चीत बसलेला माणूस

स्नूकरचा सामना पाहताना सगळे टेबलाकडे बघतात. माझे लक्ष खुर्चीकडे जाते. एकजण टेबलावर असेपर्यंत दुसऱ्याने क्यू हातात धरून गप्प बसून राहायचे, एवढेच त्याच्या हाती असते. टेनिसमध्ये निदान चेंडू परत मारता येतो. इथे समोरचा चुकत नाही तोवर आपल्या पराभवाचे आपणच प्रेक्षक.

मार्च 2015 मध्ये मुंबईत 'इंडियन ओपन' झाली, तेव्हा माझा पुतण्या मला ती बघायला घेऊन गेला. 1998 साली हा मुलगा आमच्या गल्लीच्या टोकाच्या तळघरात तासन् तास स्नूकर खेळे. घरात चिंता. 'बिलियर्ड खेळणारा' म्हणजे वाया गेलेला, ही आपल्या मध्यमवर्गाची जुनी समजूत. घरात बँक अधिकारी मीच, म्हणून समजावण्याचे काम माझ्याकडे आले. तो म्हणाला, "काका, मला फक्त दोन वर्षं द्या." मी कागदावर हिशेब मांडला आणि बँकेच्या परीक्षेचा फॉर्म पुढे केला. फॉर्म भरला गेला. असो.

मानांकन स्पर्धा म्हणजे नुसता करंडक नव्हे. 2014 पासून व्यावसायिक खेळाडूंची क्रमवारी बक्षिसाच्या पौंडांवरच ठरते, आणि तीही गेल्या दोन वर्षांतल्या. दोन वर्षांपूर्वीची कमाई खात्यातून गळून पडते. आम्ही बँकेत मुदत संपली की ठेव व्याजासकट परत देत असू; इथे मुदत संपली की मुद्दलच जाते! पहिले चौसष्ट टिकतात, खालच्यांच्या पोटावर टांगती तलवार. कित्येक स्पर्धांत तर पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला काहीही मिळत नसे. प्रवास, मुक्काम, जेवण स्वतःच्या खिशातून. 2022-23 च्या हंगामात प्रत्येक खेळाडूला वीस हजार पौंडांच्या कमाईची हमी देण्यात आली, तीही इतक्या उशिरा.

आता हा खेळ कुठला? 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तो जमवला, पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम रुळले. म्हणजे पाळणा आपल्याकडे हलला. पण पोट भरायचे तर खेळाडूने इंग्लंडात बिऱ्हाड करायचे. गंमत अशी, की 'इंडियन ओपन'च्या पात्रता फेऱ्यासुद्धा इंग्लंडातच होत. पंकज अडवाणीसारखा गुणी खेळाडू 2012 मध्ये तिकडे गेला आणि 2014 मध्ये परत आला. त्याला नावे ठेवणाऱ्यांनी परदेशात एकट्याने चूल मांडून बघावी.

म्हणूनच 2013 ची दिल्ली मला मोलाची वाटते. पहिलीच 'इंडियन ओपन', आणि मुंबईचा आदित्य मेहता थेट अंतिम फेरीत. उपान्त्य सामन्यात त्याने स्टीफन मॅग्वायरला 4-3 असे हरवले. मानांकन स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. तिथे चीनच्या डिंग जुनहुईने त्याला 5-0 असे हरवले. आपल्याकडे त्या शून्याचीच चर्चा अधिक झाली. वास्तविक त्या आठवड्याने त्याच्या खात्यात जे जमा केले, ते परक्या गावात महिनोन्‌महिने राहूनही जमा होणे कठीण होते.

पुढे स्पर्धा मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम अशी फिरली आणि 2019 च्या कोचीनंतर खंड पडला. मुंबईत वेल्सचा मायकेल व्हाइट जिंकला, कोचीत इंग्लंडचा मॅथ्यू सेल्ट. 'मग आपला फायदा काय?' असे विचारणारे मला भेटतात. सार्वजनिक उपक्रम खेळाडूंना नोकऱ्या देतात, ते चांगलेच आहे. पगाराने घर चालते, पण क्रमवारीत नाव येत नाही. ते नाव या टेबलांवरच मिळते, आणि टेबल घरापासून तासाभराच्या अंतरावर आले तर एखादा बाप मुलाचे ऐकून घेईल. एका स्पर्धेचा खर्च जड वाटतो खरा, पण त्याहून कितीतरी मोठी कर्जे मी माझ्या सहीने मंजूर केली आहेत आणि त्यांतली काही बुडालेलीही पाहिली आहेत.

त्या दिवशी मुंबईत आमच्यासमोर एक तरुण हरत होता. समोरचा एकामागून एक चेंडू घालत होता आणि हा खुर्चीत बसून पाण्याचा ग्लास उचले, न पिता खाली ठेवी. मला त्याची कीव आली. मी पुतण्याला हळूच म्हटले, "बघ, किती वाईट वाटत असेल त्याला."

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "मला त्या खुर्चीत बसायचं होतं, काका. हरलो असतो तरी."

पंचांनी गुण पुकारले. टाळ्या पडल्या. आम्ही पुढची फ्रेम बघत बसलो.