जहाज पाहायला जाताना प्रश्न घेऊन जा

तटरक्षक दलाचं जहाज बंदराला लागलं आणि लोकांना पाहायला खुलं केलं की शाळकरी मुलांच्या रांगा लागतात. १ फेब्रुवारीला दलाचा स्थापना दिन असतो, त्या सुमारास कोकणातही असे कार्यक्रम होतात. त्या रांगेत आपल्या मोहल्ल्यातली पोरं मला फार कमी दिसतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तिथं वर्दीवाले, आधार कार्ड बघणार, नाव वाचणार. कशाला उगाच?"

ही भीती हवेतून आलेली नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये हल्लेखोर 'कुबेर' ही मासेमारी बोट बळकावून मुंबईकडे आले. त्यानंतर किनाऱ्यावरची तपासणी कडक झाली. ती सगळ्यांसाठीच होती, पण ओळखपत्रावरचं नाव वाचून समोरच्याची नजर बदलते, हे आपल्यातल्या अनेकांना सांगावं लागत नाही. म्हणून जहाजाकडे फिरकायचंच नाही, हे मात्र मला पटत नाही. तिरंग्यासोबत सेल्फी काढून निष्ठा दाखवायला जावं, असंही मी म्हणत नाही. जहाज आपल्याही करातून चालतं. पाहायला जायला एवढं कारण पुरे.

शिवाय समुद्र आपला जुना ओळखीचा. रत्नागिरीच्या राजिवडा, मिरकरवाड्यातून मुसलमान मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात जातात. वादळात इंजिन बंद पडलं की १५५४ हा नंबर किंवा व्हीएचएफचं १६ नंबरचं चॅनल, आणि मग हीच जहाजं. तेव्हा जहाजाच्या ब्रिजवर नेलं की रडारवाल्याला विचारा, लाकडी होडी तुम्हाला दिसते का? लाकडाचा प्रतिध्वनी कमजोर असतो, त्यात लाटा उसळलेल्या. होडीनं आपली जागा स्वतः कळवली तर शोध सोपा. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला तोफेपेक्षा यातच जास्त रस. घरी येऊन चाचांच्या बोटीवर कोणतं यंत्र आहे आणि ते चालू असतं का, तेही बघा.

दुसरा प्रश्न नोकरीचा. डिप्लोमा झालेली आपली पोरं जहाजावरच्या नोकरीसाठी एजंटांना लाखो रुपये मोजतात. इथं मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा असेल तर 'यांत्रिक' म्हणून अर्ज करता येतो. बारावीला गणित-भौतिकशास्त्र असेल तर 'नाविक'. वय १८ ते २२. केंद्राच्या यादीतल्या ओबीसींना ३ वर्षांची सवलत मिळते, पण दाखला वेळेत काढून ठेवावा लागतो आणि आपलं गाडं नेमकं तिथंच अडतं. दाढी चालते का, नमाजचं काय, जेवणात काय असतं, हेही तिथंच विचारा. मोहल्ल्यातल्या ऐकीव उत्तरांवर विसंबून फॉर्म न भरलेली दोन-तीन हुशार मुलं माझ्याच ओळखीत आहेत.

जाताना मूळ ओळखपत्र न्या. फोन बाहेर ठेवायला सांगितलं तर ठेवा, तो नियम सगळ्यांना असतो. आणि बहिणीलाही सोबत न्या. असिस्टंट कमांडंट म्हणून मुलींनाही घेतात.